अवजड ट्रकचे सेन्सर आणि त्यांची खोटी साक्ष



थर्मिस्टर हा विषय आपण पदवीच्या वर्गात एका तासात संपवतो. तापमान वाढले की रोध कमी होतो, आलेख काढला, जर्नलवर सही झाली, प्रकरण मिटले. परंतु हाच मुगाएवढा तुकडा भर घाटात सोळा टनांचे धूड अडवून धरू शकतो, हे आपल्या पाठ्यपुस्तकात कोठे आढळत नाही. प्रस्तुत लेखात तेवढेच सांगण्याचा विचार आहे. उदाहरण अमेरिकेतील घेतले आहे. माझे एक जुने सहाध्यायी तिकडे स्थायिक असून निवृत्तीनंतर ते व त्यांच्या पत्नी घर पाठीशी बांधून देशभर हिंडत असतात, आणि वाटेत ट्रकने कुरकुर केली की तिचे आकडे मला पाठवतात. त्या निमित्ताने माझाही बराच अभ्यास झाला.

घर पाठीशी बांधून, हे शब्दशः घ्यावे. तिकडे आर.व्ही. म्हणून जे वाहन असते ते म्हणजे चाकांवरची खोली: बिछाना, ओटा, न्हाणीघर, फ्रीज, सारे आत. ट्रेलरच्या रूपातील मोठ्या आर.व्ही.चे वजन आठ-नऊ टनांपर्यंत जाते. बहुतेक लोक ती पिकअप गाडीने ओढतात. पण काही हौशी मंडळी कंटेनर ओढणारा वापरलेला ट्रॅक्टर-ट्रक विकत घेतात. हा त्यांच्याकडील आठव्या वर्गातला, म्हणजे १५ टनांहून अधिक भारक्षमतेचा ट्रक. ताकद भरपूर, ब्रेक भक्कम. अडचण एवढीच की त्याचे इंजिन पूर्णपणे संगणकाच्या हुकमतीखाली असते.

आपल्याकडे टाटाच्या जुन्या ट्रकांवर मायकोचा पंप असे. त्या इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर विजेची गरजच नव्हती. बॅटरी काढून ठेवली तरी ते चालत राही. आजच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये केव्हा व किती डिझेल सोडायचे हे संगणक ठरवतो. त्याला स्वतःचे डोळे नाहीत. ऑइलचा दाब, पाण्याची उष्णता, मॅनिफोल्डमधील हवेचा दाब, क्रँकची स्थिती हे सारे त्याला सेन्सर सांगतात, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकांच्या भाषेत संवेदक. सेन्सर खोटे बोलला तर निरोगी इंजिनही आजारी ठरते. उलट, इंजिन खरेच आजारी असताना 'सेन्सरच बिघडला असेल' असे म्हणून गाडी हाकली, तर काही मिनिटांत बेअरिंगे जळून इंजिनाचे लोखंड भंगारात घालावे लागते. या दोहोंतला भेद ओळखणे हा आपल्या विषयाचा गाभा होय.

भेद ओळखण्याची सोय आखणाऱ्यांनी मुळातच करून ठेवली आहे, आणि ती मला फार आवडते. दाब मोजणाऱ्या सेन्सरला संगणक ५ व्होल्टचा पुरवठा देतो. दाब शून्य असताना सेन्सरने शून्य व्होल्ट द्यावेत असे आपल्याला वाटेल. पण तो साधारण ०.५ व्होल्ट देतो, आणि पूर्ण दाबाला ४.५. दोन्ही टोकांना अर्धा अर्धा व्होल्ट मोकळा का सोडला? कारण शून्य व्होल्ट आले तर ते दाबाचे मोजमाप असूच शकत नाही. ती तुटलेल्या किंवा बॉडीला चिकटलेल्या वायरीची खूण असते. कारखान्यातील उपकरणांत ४ ते २० मिलिअँपिअरचा प्रवाह वापरतात त्यामागचे तत्त्व हेच. 'काही नाही' आणि 'निरोपच आला नाही' या दोन गोष्टी वेगळ्या राखल्या पाहिजेत.

हाच भेद पुढे कोडमध्ये उतरतो. अवजड ट्रकांत निरनिराळे संगणक परस्परांशी जे १९३९ नावाच्या प्रमाणित पद्धतीने बोलतात. त्यात प्रत्येक बिघाडाला दोन आकडे असतात. पहिला, एस.पी.एन., कोणत्या राशीबद्दल तक्रार आहे ते सांगतो: १०० म्हणजे ऑइलचा दाब, ११० म्हणजे कूलंटचे तापमान, १११ म्हणजे कूलंटची पातळी. दुसरा, एफ.एम.आय., तक्रारीचा प्रकार सांगतो. चालक मंडळी पहिला आकडा वाचून घाबरतात; माझ्या मते दुसरा आधी वाचावा. तो ० किंवा १ असेल तर त्याचा अर्थ 'माहिती विश्वसनीय आहे, आणि मोजमाप धोक्याइतके जास्त अथवा कमी आहे'. तो ३, ४ किंवा ५ असेल तर तक्रार विजेच्या मंडलाची आहे: व्होल्टेज फार वर, फार खाली, किंवा मंडल खुले. म्हणजे १०० व १ ही जोडी आली तर ऑइलचा दाब खरोखर गेला असे धरावे. १०० व ४ आली तर सेन्सर, वायर किंवा पुरवठा तपासावा. २ हा आकडा मात्र चकवा देणारा. माहिती अस्थिर आहे एवढेच तो सांगतो.

आता प्रत्यक्ष घडलेले पाहू. आमचे स्नेही कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरकडून पश्चिमेस आयझेनहॉवर बोगद्याचा चढ चढत होते. हा बोगदा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे, आणि तिकडच्या महामार्गावर सहा-सात टक्क्यांचे चढउतार आहेत. निम्म्याहून अधिक चढ चढल्यावर ऑइलच्या दाबाचा काटा एका झटक्यात शून्यावर आला, पिवळा दिवा लागला, आणि इंजिनाची ताकद जवळजवळ निम्मी झाली. मागे आठ टनांचे घर, उजव्या बाजूने इतर ट्रक रांगत चाललेले. त्यांनी वेग आहे तोवर गाडी रस्त्याकडेच्या रुंद पट्टीवर घेतली आणि इंजिन बंद केले. मग कोड वाचले. ते तीन होते: १०० व ४, मॅनिफोल्डच्या दाबाचा आकडा व पुन्हा ४, आणि ३५०९ व ४.

त्यांनी मला आकडे पाठवले तेव्हा इकडे रात्रीचे अकरा वाजले होते. तिसरा कोड पाहताच उलगडा झाला. ३५०९ म्हणजे सेन्सरांना होणारा ५ व्होल्टचा पुरवठा. एकाच नळावर तीन घरे असावीत आणि नळ मुळाशीच फुटावा, तसा हा प्रकार. ऑइल पंप आणि टर्बो हे निराळे भाग आहेत. ते दोघे एकाच क्षणी बिघडणे जवळजवळ अशक्य. पण त्यांचे साक्षीदार एकाच पुरवठ्यावर जगतात. शिवाय खरा दाब जातो तेव्हा काटा काही सेकंद घेत उतरतो, हा मात्र उडी मारून खाली आला होता. ताकद कमी होण्याचे कारणही यातच होते: हवा किती आली हे कळत नसल्याने संगणक डिझेल आखडते घेतो.

तरीही प्रथम ऑइलची पट्टी काढून पातळी पाहा, गाडीखाली ऑइल सांडले नाही ना पाहा, असे मी कळवले. दोन्ही ठीक होते. नंतर इंजिन न चालवता फक्त चावी फिरवून, त्या पुरवठ्यावरच्या सेन्सरांचे प्लग एकेक करून काढायला सांगितले. एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला असता, तर त्याचा प्लग काढताच बाकीचे जिवंत झाले असते. तसे झाले नाही. म्हणजे दोष वायरीत. मग त्यांनी प्लग परत लावून वायरींचा जुडगा हाताने थोडा थोडा हलवत नेला. एका ठिकाणी हात लागताच कोड रीडरवर मॅनिफोल्डचा दाब ७० किलोपास्कल उमटला. इंजिन बंद असताना तिथे बाहेरच्या हवेचाच दाब असणार, आणि सुमारे तीन हजार मीटरवर वातावरणाचा दाब तेवढाच असतो. साक्षीदार खरे बोलू लागला होता. आर.व्ही.च्या दिव्यांसाठी जादा वायरी टाकणाऱ्या गॅरेजने मूळ जुडग्याची एक क्लिप परत बसवली नव्हती. वायर लोखंडी कंसावर घासून उघडी पडली होती. इन्सुलेशन टेप आणि दोन पट्ट्या, एवढ्यावर काम भागले. नवे सेन्सर विकत घेतले असते तर पैसे जाऊन दोष तसाच राहिला असता.

सगळेच सेन्सर असे सूचना देऊन बिघडत नाहीत. क्रँकची स्थिती सांगणारा सेन्सर तापला की मुका होतो आणि निवला की बोलू लागतो. काही इंजिने अशा वेळी कॅमशाफ्टच्या सेन्सरवर कशीबशी चालतात; नाहीतर चालत्या गाडीत इंजिन बंद पडते. त्यासरशी स्टिअरिंग जड होते, इंजिन ब्रेक नाहीसा होतो आणि हवेचा कंप्रेसर थांबतो. टाक्यांत साठलेली हवा मात्र शिल्लक असते. म्हणून ब्रेक पुन्हापुन्हा पंप करू नये. एकदा दाबून, तसाच धरून गाडी कडेला न्यावी. हवा ६० पीएसआयच्या खाली आली की धोक्याची सूचना वाजते, आणि ४५ ते २० पीएसआयच्या दरम्यान स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतात. तेव्हा गाडी जिथे असेल तिथेच थांबते. आर.व्ही.चे ब्रेक सहसा विजेवर चालतात व त्यांचा वेगळा हातखटका चालकापाशी असतो. ट्रकची बॅटरी शाबूत असल्याने ते कामी येतात.

ऑइल किंवा तापमान यांचा लाल दिवा लागला, तर कोड काहीही असो, आधी सुरक्षित जागा पाहून थांबावे. शंका घ्यायची ती इंजिन बंद केल्यानंतर. कूलंटच्या पातळीचा सेन्सर खोटी ओरड करण्याबद्दल बदनाम आहे, तरी झाकण निवल्यावर उघडून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याला खोटे ठरवू नये.

धुराच्या सेन्सरांची गोष्ट जरा निराळी. अमेरिकेत २०१० च्या नियमांपासून बहुतेक ट्रकांच्या धुरात युरियाचे द्रावण फवारून नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करतात. द्रावणात ३२.५ टक्के युरिया असतो आणि उणे ११ अंशांना ते गोठते. त्या यंत्रणेचा सेन्सर बिघडला, तर इंजिनाला काही धोका नसताना संगणक ताकद टप्प्याटप्प्याने कमी करी आणि शेवटी वेग ताशी ८ किलोमीटरवर आणून ठेवी. नियम मोडणाऱ्याला आळा बसावा हा हेतू रास्त; पण प्रामाणिक चालकाला निर्जन रस्त्यावर अडकवणारा हा उपाय मला कधी पटला नाही. २०२१-२२ मध्ये चिपांची टंचाई झाली तेव्हा हे सेन्सर मिळेनासे होऊन कित्येक ट्रक उभे राहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील पर्यावरण संस्थेने या शिक्षा सौम्य करण्याच्या सूचना काढल्या. यंत्रणाच काढून टाकणे मात्र तिथे बेकायदेशीर आहे. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ लागू झाल्यावर पुणे-बेंगळूरु रस्त्यावरच्या नव्या ट्रकांतही हीच यंत्रणा आली आहे, तेव्हा हा विषय परदेशचा म्हणून सोडून देता येणार नाही.

निघण्यापूर्वीची एक तपासणी फुकटची आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत पहाटे चावी फिरवून, इंजिन सुरू न करता, रीडरवरचे आकडे पाहावेत. कूलंट, ऑइल, डिझेल आणि आत येणारी हवा यांची तापमाने जवळजवळ सारखी हवीत. एखादे वीस अंशांनी वेगळे दिसले तर तोच लबाड. ऑइलचा दाब शून्य हवा. मॅनिफोल्डचा दाब गावच्या हवेइतका हवा: बेळगाव सुमारे साडेसातशे मीटरवर असल्याने येथे ९२-९३ किलोपास्कल, आणि चोर्ला घाट उतरून पणजीला गेलात तर १०१. मर्यादेत राहून खोटे बोलणारा सेन्सर कोडमध्ये कित्येकदा सापडत नाही, तो या वेळी सापडतो.

प्रयोगशाळेत हे करून पाहायचे असेल तर २५ अंशांना १० किलोओहमचा एक थर्मिस्टर, तेवढाच एक साधा रोध आणि ५ व्होल्टचा पुरवठा पुरे. दोन्ही एकसर जोडून थर्मिस्टरच्या दोन टोकांमधील व्होल्टेज मोजा. खोलीच्या तापमानाला ते २.५ च्या आसपास येईल. थर्मिस्टर कडकडीत गरम पाण्यात धरा, ते एक व्होल्टच्या खाली जाईल. आता थर्मिस्टरची एक वायर सोडवा आणि किती व्होल्ट आले ते पाहून, संगणकाला इंजिन किती थंड वाटले असेल ते आपल्या आलेखावर शोधा. नंतर वायर जोडून थर्मिस्टरची दोन्ही टोके एकमेकांना टेकवा, आणि तोच प्रश्न उलट बाजूने सोडवा.