एका वेळी चार पुस्तकं?

प्रश्न : निवृत्तीनंतर वाचन वाढलंय. सध्या ‘ययाति’, ‘मृत्युंजय’, एक प्रवासवर्णन आणि वाचनालयाचा कथासंग्रह अशी चार पुस्तकं सुरू आहेत. कुणाचं बोलणं कुठल्या कादंबरीतलं, तेच आठवत नाही. सौ. म्हणते, ‘आधी एक तरी धड संपवा.’ माझी एकाग्रता कमी झाली आहे का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : काळजी नसावी. अनेक पुस्तकं एकदम वाचणं हा दोष नव्हे. तुमची फक्त जोडी चुकली. ‘ययाति’ (१९५९) आणि ‘मृत्युंजय’ (१९६७) या दोन्ही कादंबऱ्यांची कथा महाभारतातली, आणि दोन्हींत पात्रं आळीपाळीनं स्वतःच बोलतात. सरमिसळ होणारच! यातली एकच सुरू ठेवा, दुसरी नंतर घ्या. कथा आणि प्रवासवर्णन सोबत खुशाल चालू द्या. एका बैठकीत एक कथा किंवा एक प्रकरण पुरे. कादंबरीला मात्र रोजची ठरावीक वेळ द्या. पुस्तक मिटताना कथा कुठवर आली, ते खुणेच्या कागदावर एका ओळीत लिहा. वाचनालयाचं पुस्तक परतीच्या तारखेआधी संपवा. न रुचलेलं पुस्तक अर्ध्यावर सोडलं तरी चालतं. मात्र, रोजच्या साध्या गोष्टींचाही विसर पडू लागला, तर डॉक्टरांना जरूर भेटा.