दुकानातील संगणक आणि अंगातली वीज

व्यापारी बांधवांनो, भिवंडीचा मागवाला असो की कल्याणचा कापड दुकानदार, २०१७ साली जीएसटी आल्यापासून आपल्या सर्वांचा हिशेब संगणकात गेला आहे. ती पेटी बसली की बिल थांबते, गिऱ्हाईक उठून जाते.

आमच्या दुकानात हेच घडले. दुपारी संगणक रखडू लागला. उघडून पाहिले तर प्रोसेसरवरचा कूलर कपड्याच्या बारीक तंतूंनी बुजलेला. साफ करूनही गरमी उतरेना, म्हणून मोठा कूलर आणला आणि घाईत स्वतःच बसवला. जानेवारीची कोरडी हवा, अंगात पॉलिस्टरचा सदरा, शेजारी साड्यांचे गठ्ठे. बोटाला चटका बसला, तो आम्ही हसण्यावारी नेला. तीन महिन्यांनी रॅम गेली. दोष त्या चटक्याचाच होता, असे शपथेवर सांगता येणार नाही. पण जे समजले ते बांधवांना सांगणे आमचे कर्तव्य आहे.

कृत्रिम धाग्याचा तागा उलगडताना चरचर आवाज येतो, केस उभे राहतात. ती घर्षणाची वीज. हवा दमट असली की ती निघून जाते, कोरडी असली की अंगावर साठते. म्हणून पावसाळ्यापेक्षा हिवाळ्यात व एसीच्या खोलीत धोका जास्त. माणसाला चटका जाणवतो तो साधारण ३००० व्होल्टला. नाजूक चिप मात्र १०० व्होल्टच्या आतही बिघडू शकते. म्हणजे चटका बसला नाही तरी नुकसान होऊ शकते. शिवाय दुखावलेला भाग कधी कधी काही महिने चालून मग मरतो.

आता कामाची रीत पाहू.

१) हिशेबाची नक्कल पेनड्राइव्हवर घ्या. कूलर आपल्या सॉकेटला, म्हणजे एएम ४, एलजीए १७०० वगैरे, बसतो का आणि त्याची उंची पेटीत मावते का, हे खरेदीपूर्वीच पाहा.

२) मशीन दहा मिनिटे चालवा, म्हणजे जुनी पेस्ट मऊ होईल. मग बंद करून प्लग काढा.

३) सुती कपडे घाला. लाकडी टेबलावर काम करा. तागे व प्लास्टिकच्या पिशव्या दूर ठेवा. पेटीच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा आणि मधूनमधून लावत राहा. मनगटी पट्टा मिळाला तर उत्तम. त्याची चिमटी त्याच धातूला लावा. बोर्डाला कडेनेच धरा.

४) जुना कूलर सरळ ओढू नका, हलकेच डावीउजवीकडे फिरवून उचला. एएम ४ मध्ये ओढल्यास प्रोसेसरही चिकटून वर येतो व पिना वाकतात.

५) जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने, तंतू न सोडणाऱ्या कपड्याने पुसा. नवी पेस्ट मटारच्या लहान दाण्याएवढी पुरे. कूलरच्या तळाचे प्लास्टिक काढायला विसरू नका.

६) स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. पंख्याची वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या जागी लावा. चालू करून बायोसमध्ये तापमान पाहा.

जुन्या गाळ्यांत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते. वायरमनकडून तेही तपासून घ्या.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत आपली अनेक मुले संगणक दुरुस्ती करतात. त्यांना एकच सांगणे: गिऱ्हाइकाची मशीन ही अमानत आहे. घाईत हात लावून बिघाड केला आणि तो महिन्यांनी उघड झाला, तर गिऱ्हाइकाला कळणार नाही. अल्लाहला मात्र सर्व ठाऊक आहे. दोन मिनिटे जास्त लागली तरी चालतील. त्या दोन मिनिटांतच रोजीची बरकत आहे.