बुरुजावरचा पहारेकरी

(आजार लवकर ओळखता आला, तर उपचार सोपे होतात. पण आजार ओळखण्याच्या प्रत्येक तपासणीला मर्यादाही असतात. स्तनांचा कर्करोग ओळखणाऱ्या मॅमोग्राफी या तपासणीचे फायदे आणि तोटे या पाठात सांगितले आहेत.)

कंधारचा भुईकोट किल्ला तुम्ही पाहिला असेल. भोवती खंदक, भक्कम तट आणि ठिकठिकाणी बुरूज! पूर्वी अशा बुरुजांवर पहारेकरी उभे असत. शत्रू दूर असतानाच दिसला, तर दरवाजे बंद करायला वेळ मिळे. पण पहारेकऱ्याचीही चूक होऊ शके. कधी व्यापाऱ्यांचा तांडा पाहून तो ‘शत्रू आला’ असे ओरडे. कधी दाट धुक्यात खरा शत्रूच त्याला दिसत नसे.

आज आपण अशाच एका पहारेकऱ्याची ओळख करून घेऊ. त्याचे नाव आहे मॅमोग्राफी.

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. कधीकधी काही पेशी बेसुमार वाढू लागतात. त्यांची गाठ होते आणि त्या शरीरात इतरत्र पसरू लागतात. यालाच कर्करोग म्हणतात. भारतातील स्त्रियांमध्ये स्तनांचा कर्करोग सर्वांत जास्त आढळतो. सुरुवातीला ही गाठ बहुधा दुखत नाही. ‘दुखत नाही, मग डॉक्टरकडे कशाला जायचे?’ असे घरातील बाई म्हणते. शिवाय हे सांगायला तिला संकोच वाटतो. असे महिने निघून जातात आणि आजार वाढतो. डोके दुखते हे सांगताना आपण लाजत नाही. मग हे सांगताना का लाजावे?

मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचे क्ष-किरण चित्र. स्तन दोन सपाट पट्ट्यांमध्ये थोडा वेळ दाबून हे चित्र काढतात. त्या वेळी थोडे दुखते. हाताला न लागणारी बारीक गाठसुद्धा या चित्रात दिसू शकते. गाठ लहान असतानाच सापडली, तर बरे होण्याची आशा खूप वाढते. हा या तपासणीचा मोठा फायदा होय.

आता तोटे पाहू. चित्रात संशयास्पद दिसणारी प्रत्येक गोष्ट कर्करोग नसते. मग आणखी तपासण्या कराव्या लागतात. कधी सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासतात. शेवटी काहीच निघत नाही. पण तोपर्यंत सारे घर काळजीत असते. हा झाला तांड्याला शत्रू समजण्याचा प्रकार. याउलट, तरुण स्त्रियांचे स्तन घट्ट असतात. ते चित्रात पांढरे दिसतात आणि गाठही पांढरीच दिसते. त्यामुळे गाठ नजरेतून सुटू शकते. हे झाले धुके. क्ष-किरणांचाही थोडा धोका असतो. पण या तपासणीत ते फार कमी प्रमाणात वापरतात.

आणखी एक तोटा आहे. काही कर्करोग इतके सावकाश वाढतात, की त्यांचा त्या स्त्रीला आयुष्यभर त्रास झाला नसता. पण ते कोणते, हे आधी सांगता येत नाही. म्हणून सर्वांवरच उपचार करावे लागतात. २०१२ साली ब्रिटनमधील एका तज्ज्ञ समितीने याचा हिशेब मांडला. पन्नाशीतील १०,००० स्त्रियांना २० वर्षे नियमित तपासणीला बोलावले, तर सुमारे ४३ जणींचा जीव वाचतो. पण सुमारे १२९ जणींवर असे अनावश्यक उपचार होतात. म्हणून, काही तक्रार नसताना ही तपासणी करावी की नाही, हे त्या स्त्रीने डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

मॅमोग्राफीसाठी महागडे यंत्र आणि चित्र वाचणारे तज्ज्ञ लागतात. ते गावोगावी कोठून आणावेत? या प्रश्नाचे उत्तर मुंबईत शोधले गेले. तेथील टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली एक मोठा अभ्यास सुरू केला. डॉ. इंद्रनील मित्रा हे त्याचे प्रमुख होते. झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वर्षे वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचे दोन गट केले. एका गटातील स्त्रियांना प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी कर्करोगाची माहिती दिली आणि दर दोन वर्षांनी, अशा चार वेळा, त्यांचे स्तन हाताने तपासले. यंत्र नव्हते, होते फक्त शिकलेले हात!

या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. तपासलेल्या गटात कर्करोग लवकरच्या अवस्थेत सापडला. पन्नास आणि त्याहून अधिक वयाच्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांमध्ये मात्र मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. म्हणजे या पहारेकऱ्यालाही मर्यादा आहेतच.

भारत सरकारने २०१६ साली ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी अशी हाताने तपासणी करण्याची योजना आखली. संशय आल्यास त्या स्त्रीला मोठ्या रुग्णालयात पाठवतात.

तुम्ही काय कराल? हा पाठ घरी अम्मीला, खालाला आणि दादीला वाचून दाखवा. स्तनात किंवा काखेत गाठ लागणे, स्तनाची त्वचा आत ओढली जाणे, स्तनाग्रातून रक्त येणे, यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नये. लगेच डॉक्टरांना दाखवावे. अशा वेळी मॅमोग्राफी करायला डॉक्टरांनी सांगितले, तर ती टाळू नये. चित्रात काही दिसले नाही, तरी गाठ हाताला लागत असल्यास पुन्हा विचारावे. आणि मुलांनो, अम्मीला दवाखान्यात नेणे हे तुमचेही काम आहे, हे विसरू नका.

पहारेकरी ओरडला, म्हणजे शत्रू आलाच असे नाही. तो गप्प आहे, म्हणून आपण झोपी जावे असेही नाही.

शब्दार्थ
भुईकोट – सपाट जमिनीवर बांधलेला किल्ला
खंदक – किल्ल्याभोवतीचा खोल चर
तांडा – एकत्र प्रवास करणाऱ्यांचा समूह
बेसुमार – प्रमाणाबाहेर
संकोच – लाज, भीड
निष्कर्ष – अभ्यासातून निघालेले उत्तर

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मॅमोग्राफी म्हणजे काय?
(आ) मुंबईतील अभ्यास कोणत्या साली सुरू झाला?
२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) स्त्रिया डॉक्टरकडे उशिरा का जातात?
(आ) मॅमोग्राफीचे तोटे कोणते?
३. ‘शिकलेले हात’ असे लेखकाने कोणाला म्हटले आहे? का?
४. वाक्यात उपयोग करा : नजरेतून सुटणे, वाट पाहणे, काळजीत असणे.
५. हा पाठ घरी वाचून दाखवा. घरच्यांनी विचारलेले प्रश्न वहीत लिहा आणि ते गावातील आरोग्यसेविकेला विचारा.