वडीलधाऱ्यांचा छळ करणारी मुले आणि समाजाचे कर्तव्य

मोठ्या माणसांकडून मुलांवर होणाऱ्या अन्यायाविषयी गेल्या काही दशकांत पुष्कळ जागृती झाली आहे, व ती इष्टच आहे. परंतु याच्या उलट दिशेने होणाऱ्या छळाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. काठी टेकीत चाललेल्या म्हातारीला चिडवीत तिच्यामागे धावणारी पोरे, मनोरुग्णाला खडे मारून त्याच्या ओरडण्याला हसणारा घोळका, लंगडणाऱ्या शिपायाची नक्कल करणारे विद्यार्थी ही दृश्ये कोणत्याही गावाला अपरिचित नाहीत. पाहणारे हसतात किंवा “लेकरं आहेत, सोडून द्या” असे म्हणून पुढे जातात. ज्याला सोसावे लागते तो मात्र हळूहळू त्या वाटेने जाणे सोडतो, पारावर बसणे सोडतो आणि शेवटी घराबाहेर पडणेही सोडतो. गावातील एका माणसाचे गावच अशा रीतीने हिरावून घेतले जाते.

अशा मुलांना जाब कसा विचारावा, तो कोणी विचारावा आणि त्यात कायद्याची मर्यादा कोणती, याचा विचार पालक, शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी या सर्वांनी करणे अगत्याचे आहे.

खोडी आणि छळ

मुलांनी खोड्या करू नयेत असे कोणीच म्हणणार नाही. खोडी हा बालपणाचा धर्म आहे. पण खोडी व छळ यांतील सीमारेषा ओळखता आली पाहिजे. त्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. हा प्रकार एकदाच घडला की रोज घडतो? करणारे अनेक व सोसणारा एकटा आहे काय? आणि ज्याची चेष्टा होते त्यालाही शेवटी हसू येते, की तो मान खाली घालून निघून जातो? रोज घडणारी, अनेकांनी मिळून एकट्याची केलेली व त्याला खाली पाहावयास लावणारी चेष्टा ही खोडी राहत नाही.

मोठ्या माणसाचा छळ मुले कसा करू शकतील, अशी शंका काहींना येईल. वय हेच एकमेव बळ नव्हे. ज्याचे शरीर थकले आहे, ज्याची दृष्टी अधू आहे, ज्याला आपले म्हणणारे कोणी नाही किंवा जो पोटासाठी हलक्या पगारावर राबतो, तो वयाने मोठा असूनही दहा मुलांच्या टोळक्यापुढे दुबळाच ठरतो. शिवाय त्याने हात उगारला तर दोष त्याच्याकडेच येतो, हे मुलांना चांगले ठाऊक असते.

सीमाभागातील परिस्थिती

आळंद तालुक्याची स्थिती या बाबतीत काहीशी विशेष आहे. एका बाजूस अक्कलकोट, दुसऱ्या बाजूस उमरगा आणि सुमारे चाळीस किलोमीटरवर कलबुर्गी, अशा या भागात कन्नड, मराठी व उर्दू या भाषा एकाच बाजारात ऐकू येतात. ही आपली संपत्ती आहे. परंतु दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातून नेमणुकीवर आलेल्या शिक्षिकेच्या उच्चारांची वर्गात रोज नक्कल होऊ लागली, म्हणजे हीच संपत्ती टोचणी ठरते. भाषेची चेष्टा मुलांना निरुपद्रवी वाटते. ऐकणाऱ्याला ती आपण येथले नाही असे सांगत असते.

दुसरी गोष्ट स्थलांतराची. कोरडवाहू शेती व तुरीचे बेभरवशाचे पीक यांवर वर्ष निघत नाही, म्हणून अनेक आईबाप मुंबई, पुणे, सोलापूर, हैदराबाद येथे कामास जातात. मुले आजीआजोबांपाशी राहतात. वाढत्या वयाच्या नातवाला आवरण्याचे बळ म्हाताऱ्या हातांत नसते. पैशासाठी आजीला धमकावणे, आजोबांना चारचौघांत अपशब्द बोलणे, औषधाचे पैसे उचलणे असे प्रकार मग घराच्या भिंतीआड घडतात. आजी ते बाहेर सांगत नाही, कारण नातवाची अब्रू तीच आपली अब्रू असे ती मानते. म्हणून शेजाऱ्यांचे डोळे येथे अधिक उघडे हवेत.

दोन चुकीचे मार्ग

असा प्रकार उघडकीस आला की गावात सहसा दोनच उपाय सुचतात. पहिला, मुलाला बदडून काढणे. दुसरा, प्रकरण झाकून टाकणे.

मारहाणीने मुलगा एवढेच शिकतो की बळकटाने दुबळ्याला मारावे. आणि तेच तर तो करीत होता. शिवाय शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ अन्वये मनाई आहे. याच कायद्यानुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी इयत्ता, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढूनही टाकता येत नाही. मुलाचे मुंडण करणे, गळ्यात पाटी अडकवून फिरविणे, पंच बसवून दंड ठोठावणे हे प्रकार तर सर्वथा त्याज्य होत. गावाने एका अपमानावर दुसरा अपमान हा उतारा समजू नये.

झाकून टाकणे हेही तितकेच घातक आहे. आपल्या वागण्याने कोणाला काय सोसावे लागले हे मुलाला कधी कळतच नाही. आणि आपल्या दुःखाला येथे किंमत नाही, हे मात्र सोसणाऱ्याला पक्के कळते.

कायद्याची भूमिका

मुलांना कायदा लागूच होत नाही, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २० नुसार सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य अपराध ठरत नाही. सात ते बारा या वयात, कृत्याचे स्वरूप व परिणाम समजण्याइतकी पक्वता मुलास आलेली नसल्यास कलम २१ त्याला संरक्षण देते. त्यापुढील वयाचा मुलगा आपल्या कृत्यास उत्तरदायी असतो. फक्त ते उत्तर मागण्याची रीत वेगळी आहे.

ही रीत बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ ने घालून दिली आहे. केंद्रीय कायदा असल्याने तो आळंदला व उमरग्याला सारखाच लागू आहे. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात किमान एक बाल न्याय मंडळ असते. त्यात एक न्यायदंडाधिकारी व दोन समाजसेवक असतात, आणि त्या दोघांपैकी किमान एक स्त्री असावी लागते. अठरा वर्षांखालील मुलास पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. प्रत्येक पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असावा, अशी तरतूद आहे. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांनुसार किरकोळ अपराधात मुलाविरुद्ध प्राथमिक खबर न नोंदविता ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून त्याच्या सामाजिक परिस्थितीच्या अहवालासह ती मंडळाकडे पाठवावयाची असते.

मंडळ काय करू शकते, हे कलम १८ मध्ये सांगितले आहे. चौकशीनंतर मुलास व त्याच्या पालकांस समज देऊन घरी पाठविणे, गटात समुपदेशनास बसविणे, देखरेखीखाली समाजसेवा करावयास लावणे, मुलास वा पालकांस दंड भरावयास सांगणे, चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर परिवीक्षेखाली ठेवणे आणि अखेरचा उपाय म्हणून जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृहात पाठविणे, अशी ही चढती श्रेणी आहे. पहिल्या पायऱ्या मुलाला गावातच, शाळेतच ठेवून सुधारण्याच्या आहेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

ज्याची चेष्टा होते त्याच्याही बाजूस कायदा उभा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ९२ नुसार दिव्यांग व्यक्तीला लोकांसमक्ष हेतुपुरस्सर अपमानित करणे हा अपराध असून त्यास सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. मुलाच्या बाबतीत हे प्रकरण बाल न्याय मंडळापुढेच जाईल. परंतु आंधळ्याची काठी लपवून हसणे ही गंमत नव्हे, असे देशाच्या कायद्यानेच ठरविलेले आहे, हे वर्गात सांगितले पाहिजे.

मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास कलम ७४ ने मनाई केली आहे. अशा प्रसंगाची मोबाइलवरील चित्रफीत गावभर पाठविणाऱ्यास आपण न्याय करीत आहोत असे वाटते. प्रत्यक्षात मुलाची ओळख उघड करून तो स्वतः अपराध करीत असू शकतो. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यास शिक्षा आहे.

परदेशातील दोन उदाहरणे

या विषयाचे जगभर गाजलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. जून २०१२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ग्रीस या गावी शाळेच्या बसवर देखरेख करणाऱ्या कॅरेन क्लाइन या ६८ वर्षांच्या बाईंना सातवीतील चार मुलांनी कित्येक मिनिटे अर्वाच्य शब्दांत छळले व त्याचे चित्रणही केले. बाईंच्या थोरल्या मुलाने दहा वर्षांपूर्वी आत्महत्या केली होती. मुलांचे एक वाक्य नेमके त्याच जखमेवर पडले. चित्रण जगभर पसरले आणि लोकांनी बाईंसाठी सात लाखांहून अधिक डॉलर जमविले.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते पुढचे. बाईंनी फौजदारी कारवाईची मागणी केली नाही. शाळेने मुलांना एक वर्षासाठी नेहमीच्या शाळेतून व बसमधून दूर करून त्यांच्या शिक्षणाची अन्यत्र सोय केली. छळ-प्रतिबंधाचे प्रशिक्षण त्यांना सक्तीचे केले आणि प्रत्येकास वृद्धांमध्ये ५० तास सेवा करण्यास सांगितले. ज्या वर्गातील माणसाचा अपमान केला त्याच वर्गातील माणसांची सेवा करावयास लावणे, यात शिक्षेचा व शिक्षणाचा मेळ होता. मात्र त्याच वेळी या मुलांना असंख्य धमक्याही आल्या. जमावाचा संताप हा न्याय नव्हे, हेही त्या प्रकरणाने दाखविले.

दुसरे उदाहरण न्यूझीलंडचे. तेथे १९८९ च्या कायद्याने कुटुंब-परिषदेची पद्धत आली. अपराध करणारा मुलगा, त्याचे कुटुंब, ज्याला इजा झाली ती व्यक्ती व पोलीस अधिकारी एकत्र बसतात आणि भरपाई कशी करावयाची याची योजना ठरवितात. तेथील मूळ रहिवासी माओरी लोकांच्या परंपरेचा त्यावर प्रभाव आहे. चार माणसांनी बसून वाद मिटविण्याची रीत आपल्याला नवी नाही. फरक इतकाच की तेथे सोसणाऱ्याचे म्हणणे केंद्रस्थानी असते. आपल्याकडे बहुधा मुलाच्या बापाचे वजन पाहिले जाते.

गावात व शाळेत काय करता येईल

ज्या प्रकारांत कोणास इजा झालेली नाही व कायद्याने कारवाई करण्यासारखे घडलेले नाही, तेथे शाळेने व गावाने पुढील क्रम पाळावा.

१. प्रथम ज्याचा छळ झाला त्याच्याकडे जावे. काय घडले, किती दिवस चालले आहे आणि आता त्याची काय इच्छा आहे, हे त्याच्या तोंडून, त्याच्या भाषेत ऐकावे. मुलासमोर येण्याची त्याची इच्छा नसल्यास आग्रह धरू नये.

२. टोळक्यातील प्रत्येक मुलाशी स्वतंत्र बोलावे. घोळक्यात प्रत्येकाला दुसऱ्याचा आडोसा मिळतो. “तू स्वतः काय केलेस?” या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने स्वतः द्यावे.

३. क्षमायाचना पढवून घेऊ नये. आपण काय केले व त्याने समोरच्याला काय सोसावे लागले, हे मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगणे हाच क्षमेचा गाभा होय.

४. भरपाई कृत्याशी संबंधित असावी. मोडलेली वस्तू दुरुस्त करून देणे, ज्या वाटेवर छळ केला तेथे आता कोणी तो करणार नाही याची हमी घेणे, संबंधित व्यक्तीची इच्छा असल्यास ठरावीक दिवस तिला पाणी वा बाजार आणून देणे, अशी कामे वय पाहून, शाळेच्या वेळेबाहेर व मोठ्यांच्या देखरेखीखाली द्यावीत.

५. महिन्याभराने पुन्हा चौकशी करावी. छळ थांबला काय, हे मुलाला नव्हे, सोसणाऱ्याला विचारावे.

शाळेच्या एस.डी.एम.सी.च्या बैठकीत हा विषय मुलाचे नाव न घेता वर्षातून एकदा तरी यावा. मारहाण, दगडफेक, स्त्रियांची छेडछाड, जातिवाचक अपमान किंवा पैसे उकळणे असे प्रकार असल्यास मात्र गावपातळीवर तडजोड न करता बालकल्याण पोलीस अधिकाऱ्यास कळवावे. ज्येष्ठ नागरिकांना १४५६७ या व मुलांना १०९८ या क्रमांकावर विनामूल्य मदत मिळते. छळ करणारा मुलगाही पुष्कळदा घरी मार खाणारा असतो, हे विसरता कामा नये.

मोठ्यांची जबाबदारी

१९ मे २०२४ रोजी पुण्यात एका सतरा वर्षांच्या मुलाने चालविलेल्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा बळी गेला. ते प्रकरण आपल्या विषयाहून वेगळे व कितीतरी गंभीर आहे. पण त्यातील एक गोष्ट येथे लागू पडते. जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती, म्हणून देशभर संताप उसळला. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना व मुलाच्या आईवडिलांनाही अटक झाली. न्यायालयात जे ठरावयाचे ते ठरेल. मात्र मुलाने उत्तर द्यावे अशी अपेक्षा असेल, तर घरातील मोठ्यांनी त्याच्यापुढे आडोसा म्हणून उभे राहता कामा नये, हे उघड आहे.

मुले नक्कल करतात ती मोठ्यांची. ओसरीवर बसून वडील ज्याला “वेडा” म्हणतात त्यालाच मुलगा खडा मारतो. कार्यालयात साहेब ज्या शिपायावर खेकसतात त्याची नक्कल साहेबांचा मुलगा करतो. दुसऱ्या भाषेविषयी घरात जे बोलले जाते ते वर्गात उमटते. म्हणून मुलास जाब विचारण्यापूर्वी, त्याने हे कोठून उचलले, हा प्रश्न घराने स्वतःस विचारावा. त्याने मुलाची जबाबदारी कमी होत नाही. तीत आपला वाटा मिसळतो, इतकेच.

मुलाला उत्तर द्यावयास लावणे हा त्याच्यावरील अविश्वास नव्हे. तू समजू शकतोस, तू बदलू शकतोस आणि तुझ्या वागण्याला महत्त्व आहे, असे आपण त्यातून त्याला सांगत असतो. आणि ज्या म्हातारीने पारावरची वाट सोडली आहे तिला ती वाट परत मिळवून देणे, हे शाळा, घर व ग्रामपंचायत या तिघांचेही काम आहे. ती पुन्हा निर्धास्तपणे बाजाराला जाऊ लागली, तर आपला जाब योग्य रीतीने विचारला गेला असे समजावे.