आवाज वाढवण्याआधी स्पीकर हलवा

घरात नवं होम थिएटर आलं की मुलं खूश होतात आणि आजोबा म्हणतात, ‘आवाज मोठा आहे रे, पण बोलतायत काय ते कळत नाही.’ मग मुलगा रिमोट घेऊन आवाज आणखी चढवतो. त्याने घर दणाणतं, आजोबांना मात्र तेवढंच कळतं जेवढं आधी कळत होतं.

याचं कारण साधं आहे. वयाबरोबर आधी कमी होतात ते बारीक, उंच पट्टीचे आवाज. स, श, फ ही व्यंजनं तिथलीच. स्वर कानावर पडतात आणि व्यंजनं गळतात, म्हणून ‘ऐकू येतं पण समजत नाही’. त्यात वूफर धडधडत असेल तर खालचे आवाज या व्यंजनांना झाकून टाकतात. तेव्हा आजोबांसाठी आधी बेस कमी करा.

आता बैठकीची खोली बघा. पेण-रोह्याच्या नव्या फ्लॅटमध्ये गुळगुळीत टाइल्स, मोकळ्या भिंती आणि मोठी काच. आवाज त्यांच्यावर आपटून परत येतो आणि शब्दात शब्द मिसळतो. जाड पडदे, खाली सतरंजी, भिंतीला पुस्तकांचं कपाट एवढ्यानेही बोलणं सुटं ऐकू येऊ लागतं. आणि कृपा करून साउंडबार शोकेसच्या काचेमागे कोंबू नका. तिथे तो शोभतो, पण ऐकायला शोकेसच मिळतं.

पुढचे दोन स्पीकर एकमेकांपासून जितके लांब, साधारण तितकंच अंतर त्यांच्यापासून तुमच्या बसण्याच्या जागेपर्यंत हवं. सात फूट तर सात फूट. उंची बसलेल्या माणसाच्या कानाएवढी. संवाद मधल्या स्पीकरमधून येतात, तो टीव्हीच्या अगदी खाली, तोंड तुमच्याकडे करून ठेवा. मागचे स्पीकर बाजूला, किंचित मागे आणि कानापेक्षा थोडे वर. सोफ्याच्या टोकाला बसणाऱ्याच्या कानाशी ते येता कामा नयेत, कारण त्या टोकाला कधी लहान मूलही बसतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. खोलीत त्याहून कमी उतरतो, पण उतरतो. पाळणा तर स्पीकरपासून लांबच हवा.

ब्लूटूथबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. त्यात आवाज क्षणभर मागे पडतो. पडद्यावर ओठ आधी हलतात, शब्द नंतर येतो. कमी ऐकू येणारा माणूस नकळत ओठ वाचत असतो, त्याचा हा आधारच जातो. काही टीव्हींच्या सेटिंगमध्ये हा उशीर जुळवता येतो. तरी जमलं नाही तर टीव्ही आणि साउंडबारमध्ये सरळ केबल लावा. वायरलेसच्या हौसेपेक्षा आजोबांचा सिनेमा महत्त्वाचा. (‘रेडिएशन’ची भीती मात्र सोडा. ब्लूटूथच्या लहरी फार कमी शक्तीच्या असतात, कान जातात ते आवाजाने.)

किती आवाज चालतो? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्यांना 80 डेसिबल आठवड्याला 40 तास, मुलांना 75. पुढे दर 3 डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. घरातली खूण सोपी आहे: हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज 85च्या आसपास गेलेला आहे. पावसाळ्यात पत्र्यावर सरी कोसळत असताना आपण हमखास तिथपर्यंत पोचतो. सर थांबली की आवाज उतरवायचा मात्र कुणाला आठवत नाही.

पेणजवळच्या हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांत हंगामात कॉम्प्रेसर चालू असतो आणि त्याच्यावर मात करायला शेजारी ब्लूटूथ स्पीकर. रोह्याजवळच्या धाटावच्या एमआयडीसीत पाळी करणाऱ्यांचंही तेच, दिवसभर यंत्रांची घरघर. कान कामाचा आणि घरचा आवाज वेगळा मोजत नाही. अशा माणसाने घरी संध्याकाळी सिनेमा हळूच लावावा, आणि कामावर इअरप्लग घालावेत.

बेस भिंतीतून पलीकडे जातो. सबवूफर कोपऱ्यात किंवा शेजाऱ्याच्या सामाईक भिंतीला लावू नका, खाली रबराची मॅट घाला. 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे. रात्री शेजारच्या खोलीतलं तान्हं बाळ झोपेतून दचकतंय का, एवढं पाहिलं तरी पुरे.

सिनेमानंतर कानात शिट्टी वाजत राहिली, कान बधिर वाटला आणि दुसऱ्या दिवशीही तसंच असेल, तर तपासणी करून घ्या. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर ‘मळ असेल’ म्हणून तेल घालत बसू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. अशा अचानक आलेल्या बहिरेपणात औषध लवकर सुरू झालं तर उपयोग होण्याची शक्यता जास्त असते.