बिल्ला नंतर, काम आधी

अगं, शाळेचं विद्यार्थी मंडळ या वर्षी तुझ्याकडे आलंय हे ऐकून फार बरं वाटलं. पनवेल तालुक्यातल्या शाळांमध्येच माझी नोकरी सरली, तेव्हा मावशी म्हणून चार गोष्टी सांगते.

शाळा उघडली की शपथविधी घ्यायचा, खांद्यावर पट्टे चढवायचे, पाहुणे बोलवायचे, असा आग्रह सगळीकडून होईल. तो कार्यक्रम सरळ पुढे ढकल. आपल्याकडे मुलांना पुढारी भेटतो तो नाक्यावरच्या फ्लेक्सवर, वाढदिवसाच्या शुभेच्छांमध्ये. आधी बिल्ला हातात पडला तर पुढारी म्हणजे एवढंच, असं पोरं धरून चालतात. त्यापेक्षा पहिले पंधरा दिवस त्यांना शाळा नीट बघायला लाव. टाकीचा कुठला नळ गळतो? पोषण आहाराच्या रांगेत पाचवीची पोरं रोज मागे का ढकलली जातात? मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी कधीपासून तुटलीय? ज्याला निवडणुकीला उभं राहायचंय त्यानं यातलं एक काम उचलायचं, करून दाखवायचं, आणि मग मतदान. चिठ्ठ्या टाकून, गुप्त.

मतदानात गावकी शिरते, हे धरून चाल. ग्रामपंचायतीला बापांची जुंपली असेल तर पोरंही वर्गात दोन तट करून बसतात. म्हणून सगळ्या जागा वर्गवार ठेवू नकोस, काही वाटेवार ठेव. एसटीनं येणाऱ्यांचा एक, कळंबोलीकडून रिक्षानं येणाऱ्यांचा एक, डोंगराकडच्या वाड्यांवरून चालत येणाऱ्यांचा एक. पावसाळ्यात गाढी नदी फुगली की लवकर सोडायचं कुणाला, ओल्या कपड्यांनी कोण बसलंय, हे त्या वाटेवरच्या मुलालाच आधी कळतं.

आणि मुदत वर्षाची नको, सत्राची ठेव. याच्यामागे मोठं कारण आहे. आपल्याकडच्या कातकरी वाड्यांवरची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर, कोळशाच्या कामावर निघतात आणि पोरं त्यांच्याबरोबर जातात. वर्षभराचं पद असलं की ‘ती कुठे असणार आहे वर्षभर’ म्हणून त्या मुलीचं नाव कुणी सुचवतच नाही. जून ते दिवाळी असं पद ठेवलं की तीही उभी राहू शकते. शिवाय आपलं काम अर्ध्यावर आहे, हे परत शाळेत यायला तिला एक कारण होतं. सगळ्यांचं होत नाही, पण काहींचं होतं, आणि त्यासाठी एवढा बदल करावाच. दहावीच्यांना मात्र मंडळातून मोकळं ठेव. आठवी-नववी हे खरं वय.

कर्मवीर भाऊराव पाटलांचं उदाहरण मी पुन्हापुन्हा का देते, ते सांगते. 1919 मध्ये काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्याला वसतिगृह उभं केलं. तेच पुढे छत्रपती शाहू बोर्डिंग. तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची, आणि राबायचीही स्वतः. स्वयंपाक, झाडलोट, पाणी, शेतातलं काम, सगळं मुलांकडे. त्यांनी पुढारीपणाचा वेगळा तास कधी लावला नाही. आज भाकरी कुणी थापायच्या आणि पीठ संपलं तर काय करायचं, हे ठरवतानाच मुलं तयार झाली. आपल्या परिसरात रयतेच्या इतक्या शाळा आहेत, पण बहुतेक ठिकाणी कर्मवीर फक्त जयंतीच्या भाषणात येतात. तू त्यांना कामाच्या वाटपात आण.

त्यासाठी मंडळाच्या हातात थोडे पैसे दे. पाचशे रुपये पुरेत. झाडू, खडू, कडीकोयंडा, पुस्तकांना घालायचं कव्हर, असलं काही त्यांनी स्वतः बाजारात जाऊन, दोन दुकानांत भाव विचारून आणायचं. एक साधी कीर्दवही: डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, पावती त्याच पानाला टाचलेली, खाली दोघांच्या सह्या, त्यातली एक मुलीची. महिनाअखेरीला परिपाठात हिशेब मोठ्यानं वाचायचा. सातवीतल्या एका मुलानं भर परिपाठात ‘फिनेलची पावती कुठाय?’ विचारलेलं मी ऐकलंय. खजिनदार गडबडला, पण दुसऱ्या दिवशी पावती घेऊन आला. मी मध्ये पडले नाही.

बैठक शनिवारी शेवटच्या तासाला घे. तू खिडकीपाशी, मागे बस. आधी सगळ्यात लहान मुलानं बोलायचं, मोठ्यांनी नंतर, नाहीतर नववीतली मुलं बोलतात आणि बाकीच्या माना हलतात. इतिवृत्त मुलांनीच लिहायचं: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. पुढची बैठक त्या पानापासून सुरू. मुलांनी काही मागितलं तर आठवड्याच्या आत मुख्याध्यापकांचं उत्तर वहीत आलंच पाहिजे. ‘नाही’ असलं तरी चालेल, पण कारणासकट. ‘बघू’ हे उत्तर दोनदा मिळालं की मुलं मागायचं सोडतात.

एक गोष्ट मात्र अगदी कळकळीनं सांगते. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचं काम मंडळातल्या मुलांना कधी देऊ नकोस. त्यानं वर्ग शांत होतो खरा, पण ते मूल सरांचा माणूस ठरतं आणि त्याच्याजवळ कुणी मन मोकळं करत नाही. तसंच ॲसिड, गॅस, विजेचं बटण, महामार्गावर गाड्या थांबवणं, यातलं काहीही मुलांवर टाकायचं नाही. कुणी अंगाला हात लावल्याची, त्रास दिल्याची तक्रार असेल तर ती मंडळात चर्चेला येणार नाही, थेट तुझ्याकडे येईल, हे पहिल्याच बैठकीत मुलांना सांग.

जमलं तर मंडळाला एकदा तारा गावाला ने. कर्नाळ्याच्या जवळच युसूफ मेहेरअली सेंटर आहे. शेती, ग्रामोद्योग, आदिवासी मुलांचं शिक्षण असं काम एका जागी चालतं. माणसं कामं कशी वाटून घेतात ते मुलांना डोळ्यांनी दिसेल.

आता जूनच्या आधी एवढं कर. मुलं काय काय ठरवू शकतील, याची यादी मुख्याध्यापकांबरोबर बसून लिही आणि त्यांची सही घे. मग शिपाईमामा आणि खिचडी करणाऱ्या ताईंना ती वाचून दाखव. उद्या पोरं सूचना घेऊन जातील ती त्यांच्याकडेच, आणि त्यांना आधी विचारलेलं असलं तर ते पोरांना हाकलणार नाहीत. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मंडळाच्या दोघांना पाच मिनिटं बोलायला मिळावीत, हेही आत्ताच अध्यक्षांच्या कानावर घाल.