घरच्या गॅरेजसाठी गाडीची लिफ्ट

लिफ्टच्या जाहिरातीत सर्वांत ठळक छापलेला आकडा टनांचा असतो आणि घरच्या गॅरेजसाठी सर्वांत कमी उपयोगाचा आकडाही तोच. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक दोन खांबी लिफ्ट साडेतीन-चार टनांच्या असतात. स्विफ्ट साधारण टनभराची, इनोव्हा क्रिस्टा पावणेदोन टनांच्या पुढची, फॉर्च्युनर दोन टनांहून थोडी जड. म्हणजे घरात येणारी कुठलीही गाडी ही लिफ्ट सहज उचलते. फसगत होते ती खालच्या काँक्रीटमुळे, वरच्या छतामुळे आणि विजेच्या जोडणीमुळे, आणि बहुतेक वेळा ती ध्यानात येते तेव्हा यंत्र टेम्पोतून उतरलेले असते.

मुख्य प्रकार थोडेच आहेत. दोन खांबी लिफ्टवर गाडी चार आर्मांनी बॉडीखाली पेलली जाते आणि चारही चाके लोंबती राहतात. ब्रेक, सस्पेंशन, क्लच, गिअरबॉक्स या कामांना हिच्याइतकी सोयीची दुसरी लिफ्ट नाही. चार खांबी लिफ्टवर गाडी दोन पट्ट्यांवर चढवायची असते. ऑइल बदलायला, सायलेन्सरच्या कामाला आणि एका गाडीखाली दुसरी लावायला ती चांगली, पण चाके टेकलेलीच राहत असल्याने चाक काढायचे तर पट्ट्यांमध्ये सरकणारा वेगळा जॅक घ्यावा लागतो. सिझर लिफ्टला खांब नसतात आणि उतरवली की ती जमिनीलगत बसते. मात्र गाडीच्या पोटाखालची मधली जागा ती स्वतःच अडवते. टायर आणि ब्रेकच्या कामाला ती पुरते, गिअरबॉक्स उतरवायला नाही.

वॉशिंग सेंटरवर दिसणारा एकखांबी जॅक या सगळ्यांचा पूर्वज. अमेरिकेतल्या मेम्फिसच्या पीटर लुनाती यांनी 1925च्या सुमारास न्हाव्याच्या वरखाली होणाऱ्या खुर्चीवरून तो बेतला, असे सांगतात. त्याचा सिलिंडर जमिनीत खोल पुरावा लागतो, म्हणून घरी तो कोणी बसवत नाही. स्वस्तातला उपाय म्हणून पिट खणण्याचा मोह अनेकांना होतो. पावसाळ्यात त्यात पाणी साचते हा त्रास किरकोळ म्हणावा. पेट्रोलची वाफ आणि एलपीजी हे दोन्ही हवेपेक्षा जड असतात. ते खड्ड्याच्या तळाशी साठून राहतात आणि साध्या हँडलॅम्पच्या ठिणगीने पेटू शकतात. लिफ्टचे पैसे नसतील तर पिटापेक्षा चार चांगले जॅक स्टँड बरे.

उंचीचा हिशेब लिफ्टच्या प्रकारानुसार बदलतो आणि नेमके हेच विसरले जाते. चार खांबीवर गाडी चाकांवर उभी असते, त्यामुळे पट्टीच्या उंचीत गाडीची पूर्ण उंची मिळवावी लागते. दोन खांबीवर आर्मांच्या टोकांचे पॅड बॉडीखाली लागतात आणि बॉडीचा खालचा काठ आधीच जमिनीपासून साधारण 20 सेंमी वर असतो, तेवढी वजाबाकी होते. दहा फुटी स्लॅब, म्हणजे 3.05 मीटर, आणि खाली सुमारे 1.8 मीटर उंचीची इनोव्हा असे धरले, तर चार खांबीची पट्टी 1.2 मीटरपर्यंतच नेता येते, दोन खांबीचे पॅड 1.4 मीटरपर्यंत. दोन्हींत ताठ उभे राहून काम होत नाही, चाकाच्या स्टुलावर बसूनच करावे लागते. उभ्याने काम हवे असेल तर पॅड 1.7 मीटरवर न्यावे लागतात आणि इनोव्हासाठी छत 3.4 मीटर लागते. स्विफ्टला त्याहून फूटभर कमी चालते.

छत मोजायचे ते खांब येणार त्या जागी. पत्र्याच्या शेडमध्ये मधल्या आढ्याची उंची सांगितली जाते आणि खांब येतात वळचणीकडे. स्लॅबखाली बीम उतरलेले असतात. शटरचा ड्रम, ट्यूबलाइट, पंखा यांचीही गाडीच्या टपाशी गाठ पडते, आणि गाडी वर असताना बॉनेट किंवा डिकी उघडायची असेल तर तो हिशेब निराळा. दोन खांबीतही दोन जाती आहेत. वरून आडवा बीम असणारी साधारण 3.6 मीटर उंचीची असते, ती दहा फुटी छताखाली मावतच नाही. खाली लोखंडी पट्टी असणारी तीन मीटरच्या आत बसते, पण गिअरबॉक्सची ट्रॉली सरकवताना ती पट्टी दरवेळी चाकाला अडते. रुंदीची अडचण त्याहून सरळ आहे. दोन खांबी लिफ्ट बाहेरून बाहेर साधारण 3.4 मीटर भरते. दहा फुटी गॅरेजात ती बसत नाही, आणि बारा फुटीत बसली तरी खांबामागे हात घालायला जागा उरत नाही. अशा ठिकाणी सिझर घ्यावी.

आता काँक्रीट. उचललेली गाडी दोन्ही खांबांना आतल्या बाजूला ओढत असते, त्यामुळे खांबाच्या तळपट्टीचे बाहेरचे बोल्ट जमिनीतून उपटले जाण्याच्या ताणात असतात. वजन खाली दाबते एवढाच विचार करून फरशीकडे पाहिले की गफलत होते. बहुतेक पुस्तिकांमध्ये किमान 10 ते 15 सेंमी जाडीचे, तडे नसलेले, एम 20 ते एम 25 प्रतीच्या जवळपासचे काँक्रीट मागितलेले असते, आणि बोल्ट कडेपासून, जुन्या भोकापासून वा सांध्यापासून ठरावीक अंतरावर. आपल्याकडच्या गॅरेजात वर शहाबादी फरशी किंवा टाइल, तिच्याखाली वाळू-सिमेंटचा थर, मग कुठेतरी तीन-चार इंचांचे पीसीसी, म्हणजे साधे काँक्रीट, आणि त्याखाली दगडांचे सोलिंग अशी रचना असते. फरशीवरून ठोकलेला अँकर बोल्ट फरशी आणि मसाला यांतच अडकतो. पाना फिरवताना तो घट्ट लागतो, पण भार पेलण्यासारखे त्याच्या भोवती काहीच नसते.

जाडी ओळखायला खांबाच्या जागी फरशी काढून हॅमर ड्रिलने आरपार भोक पाडावे आणि बाहेर येणाऱ्या भुकटीवर नजर ठेवावी. काँक्रीट असेपर्यंत ती राखाडी येते, मुरूम लागला की तांबूस होते आणि ड्रिल एकदम आत धसते. मग टोक वाकवलेली तार भोकात घालून खालच्या काठाला अडकवली की जाडी मोजता येते. एक चकवा मात्र आहे. काँक्रीटखाली लगेच सोलिंगचा काळा दगड असेल तर भुकटीचा रंग फारसा बदलत नाही, ड्रिलही अडतच राहते, आणि चार इंचांचे पीसीसी नऊ इंचांचे वाटते. म्हणून प्रत्येक खांबाखाली निदान दोन-तीन ठिकाणी भोके घ्यावीत.

काँक्रीट कमी भरले तर सगळी जमीन उकरायची गरज नसते. प्रत्येक खांबाखाली सव्वा मीटर चौरसाचा भाग कापून सळईची जाळी टाकायची आणि फूटभर जाडीचे एम 25 भरायचे, एवढे साधारण पुरते. अखेरचा शब्द यंत्राच्या पुस्तिकेचा. काँक्रीट 28 दिवसांचे झाल्याशिवाय बोल्ट कसू नयेत, लिफ्ट बसवणारा कितीही घाई करो. मुरमाड जमिनीवर हे भागते. काळ्या मातीवर भागत नाही. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा स्लॅब हलवत राहते. अशा ठिकाणी काळी माती काढून मुरूम भरून घ्यावा आणि पाया इंजिनिअरकडून आखून घ्यावा. दोन खांब काही मिलिमीटरांनी जरी वरखाली झाले तरी लिफ्ट तिरकी चालू लागते.

विजेकडे वळू. या लिफ्टची मोटर सहसा 2.2 किलोवॅटची असते. वर्कशॉपसाठी विकली जाणारी थ्री फेजवर चालते, घरी बहुधा सिंगल फेज असते. सिंगल फेजची मोटर मागून घेता येते, मात्र तिला मीटरपासून स्वतंत्र लाइन आणि वेगळा एमसीबी हवा. पंपाच्या किंवा गीझरच्या लाइनवर ती टाकू नये. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडते तेव्हा मोटर गुरगुरते, गाडी हलत नाही आणि वाइंडिंग तापते. वीज गेल्यावर काय होते हे घेण्याआधीच विचारावे. हायड्रॉलिक लिफ्ट उतरताना वजनानेच उतरते, वीज लागत नाही. पण लॉकवर बसलेली गाडी सोडवायची तर आधी ती जराशी वर उचलावी लागते, आणि त्याला मोटर लागते. लॉक विद्युतचुंबकाने सुटणारे असतील तर अडचण दुहेरी. भारनियमनाच्या गावात हाताने ओढायचे लॉक आणि हातपंपाची सोय असलेले यंत्र शोधावे.

गाडी कोणती यावरून पॅड ठरतात. मारुतीच्या छोट्या गाड्यांना वेगळी चासिस नसते. त्यांच्या दाराखालच्या पत्र्याच्या काठावर खाचा करून उचलण्याच्या जागा दाखवलेल्या असतात आणि तिथे खाचेचे रबरी पॅड लागतात. बोलेरो, स्कॉर्पिओ, थार यांना शिडीसारखी चासिस असते. ती फूटबोर्डच्या आत दडलेली असल्याने आर्मवर उंची वाढवणारे तुकडे लावावे लागतात. ते यंत्राबरोबर येतात का हे बिलाआधी पाहावे. पद्मिनी किंवा अँबेसिडर जपणाऱ्यांनी आणखी सावध असावे. या गाड्यांनाही वेगळी चासिस नाही, आणि कोकणात वर्षे काढलेल्या गाडीचा दाराखालचा पत्रा रंगाखाली नुसती पुट्टी असू शकतो. पेचकसाने टोचून पाहिल्याशिवाय तिथे पॅड लावू नये.

इंजिन किंवा गिअरबॉक्स काढला की तोल बदलतो. पुढचे दीड-दोनशे किलो निघून गेल्यावर गाडी मागे झुकते. अशा कामाला डिकीखाली उंच खांबासारखा स्टँड लावणे हा लिफ्टच्याच खर्चाचा भाग समजावा.

बंद पडलेल्या गॅरेजातली जुनी लिफ्ट स्वस्त मिळते. तिच्या आर्मचे दातेरी लॉक झिजलेत का, खांबातले सरकते ब्लॉक सैल आहेत का, वेल्डिंगला भेग आहे का आणि वायररोपच्या तारा तुटल्यात का हे पाहावे. जुने अँकर बोल्ट मात्र कधीच परत वापरू नयेत. नवी घेताना युरोपच्या ईएन 1493 किंवा अमेरिकेच्या एएलआय मानकाप्रमाणे तपासणी झाल्याचा कागद मागावा. यंत्रावरची चिकटपट्टी हा पुरावा नव्हे. सील आणि होज पाइप स्थानिक बाजारात मिळतात की विक्रेत्याकडूनच मागवावे लागतात, हेही विचारावे.

बसवल्यावर पहिल्यांदा गाडी चाके जमिनीपासून वीतभर सुटतील इतकीच उचलावी, तिला हाताने हलवून पाहावे, मग पुढे न्यावी. हव्या उंचीच्या थोडे वर नेऊन ती लॉकवर टेकवायची. दोन्ही खांबांतून खट्‌ असा आवाज आला पाहिजे. एकाच बाजूचा आला तर गाडीखाली जाऊ नये, पुन्हा वर घेऊन पाहावे. पहिल्या काही दिवसांत बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत, आणि त्यानंतर दर पावसाळ्याआधी. त्याच वेळी वायररोप पुसून ग्रीस लावावे आणि तेलाची पातळी गाडी खाली असतानाच बघावी.